इंदूरहून खाली खाली: जानापाव, मांडू, बाघ, महेश्वर

सगळं एका उकडलेल्या अंड्यावरून सुरू झालं. ओवीला (माझी मुलगी, सातवीत आहे) शाळेतून 'पृथ्वीचं अंतरंग' असा प्रोजेक्ट मिळालेला, आणि मैत्रिणीनं आयडिया दिली की उकडलेलं अंडं अर्धं काप, टरफल म्हणजे भूकवच, पांढरं म्हणजे प्रावरण, पिवळं म्हणजे गाभा, झालं मॉडेल. आता आमच्याकडे नाना, म्हणजे माझे सासरे, इंदूरच्या रामबागेतलं जुनं वळण, अंडं घरात येत नाही. मग अंडं शेजारी उकडलं, तिथंच कापलं, फोटो काढून तो चार्टवर चिकटवला. नानांनी बघितलाच. मला वाटलं आता बोलणी बसणार, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "टरफल फार जाड आहे गं."

नाना भूगोल शिकवून रिटायर झालेत, त्यामुळे ती संध्याकाळ हिशोबात गेली. पृथ्वीच्या मध्यापर्यंत ६,३७१ किलोमीटर, आणि आपण ज्याच्यावर घरं बांधतो ते कवच जमिनीखाली सरासरी ३५-४० किलोमीटर, म्हणजे अंड्याचं टरफल अंड्याच्या मानानं जेवढं जाड असतं त्याहूनही पातळ. त्याखाली २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण, मग गाभा. ओवीनं विचारलं, आत कोणी बघून आलंय का? नाना म्हणाले, "आत कोणी नाही गेलं, पण टरफलाचे वरचे चार पापुद्रे तुला गाडीनं दाखवतो, चार दिवस दे."

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, होऊन गेल्या, जागरणं संपली, समीरला (माझा नवरा) सुट्टी मिळाली आणि पप्पू भियाची गाडी ठरली. निघालो.

दिवस पहिला: इंदूर, जानापाव, मांडू

सकाळी साडेसहाला पोहे-जलेबी, वर जीरावन आणि सेव, त्याशिवाय इंदूरची गाडी सुरूच होत नाही. महूच्या पुढं आग्रा-मुंबई रस्ता सोडला की जानापावचा चढ लागतो, इंदूरपासून ४५ किलोमीटरच्या आसपास. जमदग्नींचा आश्रम, परशुरामांचं जन्मस्थान म्हणून लोक येतात. आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं की शेजारचा माणूस दिसेना, कुंड कुठंय ते माकडांच्या आवाजावरून शोधलं.

भुट्टे भाजणाऱ्या मावशी होत्या, त्यांनी ओवीला सांगितलं की हे कुंड म्हणजे ज्वालामुखीचं तोंड आहे. नानांनी आधी भुट्टा घेतला, निंबू-मीठ चोळून घेतलं आणि मग बोलायला लागले. तोंड असेल नसेल ते राहू दे, म्हणाले, पण दख्खनचा जो लाव्हा आहे तो बराचसा उंच शंकूसारख्या डोंगरातून नाही आला, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तो वर येऊन तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसा पसरत गेला, एकावर एक, एकावर एक. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. बराचसा माल दहा लाख वर्षांच्या आतबाहेरच ओतला गेला, भूगर्भवाल्यांच्या हिशोबात हे म्हणजे झटपट. झिजून झिजून आज उरलाय तोही ५ लाख चौरस किलोमीटर, आणि सह्याद्रीकडे थर दोन किलोमीटरच्या वर. आपला माळवा ह्या धिरड्याची उत्तरेकडची कड.

मला खरी मजा वाटली ती पुढच्या गोष्टीची. लाव्हा येत होता तेव्हा ही जमीन इथं नव्हतीच! विषुववृत्ताच्या खाली, हिंदी महासागरात होती आणि खालून प्रावरणातला एक गरम झोत तिला भाजत होता. जमीन सरकत सरकत उत्तरेला आली, झोत राहिला तिकडेच. आज त्याच्यावर मॉरिशसजवळचं रीयुनियन बेट आहे, तिथला ज्वालामुखी अजूनही चालू असतो. मधल्या वाटेवरच्या खुणा म्हणजे लक्षद्वीप, मालदीव. जानापावपासून ते बेट आज पाच हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. पप्पू भिया हे सगळं ऐकत होता. "मतलब साहब, चूल्हा उधर और रोटी इधर," म्हणाला. नाना खूष.

ह्याच डोंगरात चंबळ उगवते. चंबळ उत्तरेला, यमुना, गंगा, शेवटी बंगालचा उपसागर. आणि दक्षिण उतारावर पडलेलं पाणी नर्मदेत, तिथून खंभातच्या आखातात, म्हणजे अरबी समुद्र. आपल्याकडचा बराच पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेला सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर येतो. म्हणजे एकाच ढगातला एक थेंब घरी परत जातो आणि दुसरा भलत्याच समुद्राला लागतो. ओवी पंधरा मिनिटं पाण्याची बाटली घेऊन कुठून कुठं वाहतंय ते बघत होती, सगळं पाणी संपवलं, नंतर प्यायला नाही.

(जाणार असाल तर: रविवार टाळा, नऊच्या आत वर पोचा, चप्पल घालून जाऊ नका. काळी माती बुटाला लागली की एक-एक किलोचा बूट होतो. बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड, तो कुजूनच ही माती होते, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते.)

मांडूला पोचेपर्यंत संध्याकाळ. खोलीचं छत एका कोपऱ्यात गळत होतं, बादली लावली, विषय संपला. पण जेवण! दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे जाड पानिये पानांमध्ये दाबून गोवऱ्यांवर भाजलेले, वर तूप, बरोबर तुरीची डाळ आणि लसणाची चटणी. करणाऱ्या काकूंनी नानांना तिसरा आग्रह केला, ते नाही म्हणाले आणि चौथा खाल्ला.

दिवस दुसरा: मांडू

पाऊस, धुकं, दहा मिनिटं ऊन, परत पाऊस. मांडू ह्याच दिवसांत बघायचं. जहाज महाल दोन तळ्यांच्या मधोमध, तळी काठोकाठ, खरंच जहाज वाटतं. महालांबद्दल लोकांनी भरपूर लिहिलंय, मी काकडा खोहबद्दल लिहिते.

गावाच्या अलीकडे ही दरी आहे, रस्त्याकडेलाच. धुकं उघडलं आणि समोरच्या कड्यावर सरळ सरळ पायऱ्या दिसल्या, उभा कडा, थोडी सपाटी, परत उभा कडा. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट. लोटाचा मधला भाग टणक, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार झालेला, तो आधी झिजतो, म्हणून पायऱ्या. स्वीडिश भाषेत पायऱ्यांना 'ट्रापा' म्हणतात, त्यावरून ह्या खडकाला ट्रॅप नाव पडलं. मी इतकी वर्षं ट्रॅप म्हणजे सापळा समजत होते, आता सांगायला हरकत नाही.

विंध्याचल म्हणतो खरे आपण ह्या कड्याला, पण खडक विंध्यचा वालुकाश्म नाही, तो पूर्वेकडे. इथं विंध्याच्या अंगावर दख्खनचा काळा दगड आहे. हे ऐकून समीर म्हणाला, म्हणजे आपल्यासारखंच, राहणार माळव्यात आणि मूळ दख्खनचं. होळकरांच्या इंदूरमधल्या मराठी माणसाला हा जोक करायचा हक्क आहे, करू दिला.

दोन लोटांच्या मध्ये एक विटकरी-लाल पट्टी दिसली. एक लोट आला, थंड झाला, मग पुढचा येईपर्यंत इतका काळ गेला की वरचा दगड कुजून त्याची माती झाली, आणि मग नवीन लोटानं तीच माती वरून भाजली. नाना म्हणे ही पट्टी म्हणजे मधली सुट्टी.

इथं ओवीनं परत तोच प्रश्न काढला, आत बघितलं कोणी. तर रशियात कोला नावाच्या ठिकाणी १९७० मध्ये भोक पाडायला घेतलं, जवळपास वीस वर्षांत १२,२६२ मीटरपर्यंत गेले, भोकाची रुंदी जेमतेम वीतभर. खाली १८० डिग्री, दगड गरम होऊन भोक मिटायला लागलं, काम थांबलं. बारा किलोमीटर! म्हणजे टरफलाचासुद्धा जेमतेम तिसरा हिस्सा. इंदूरहून महूचं अर्धं अंतर.

मग आतलं कळतं कसं? नानांनी समोरच्या हॉटेलवाल्याच्या माठावर टिचकी मारली. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तडा असेल तर बद्द वाजतो, तसंच भूकंप ही पृथ्वीला मारलेली टिचकी, आणि जगभरची यंत्रं कान लावून बसलेली. भूकंपाच्या दोन प्रकारच्या लाटा आतून जातात, त्यातली एक द्रवातून जाऊच शकत नाही. ओल्डहॅम नावाचा माणूस, भारताच्या भूगर्भ खात्यातलाच, १८९७च्या आसामच्या भूकंपावर त्यानं काम केलं आणि १९०६ मध्ये दाखवून दिलं की मध्यभागी वेगळा गाभा आहे. पुढे बाहेरचा गाभा वितळलेला आहे हे ठरलं. १९३६ मध्ये इंगे लेहमान ह्या डॅनिश बाईंनी सांगितलं की त्याच्याही आत आणखी एक गाभा आहे, तो घन आहे हे नंतर ठरलं. हॉटेलवाला म्हणाला, माठ फुटला तर ऐंशी रुपये.

आणि एक, प्रावरण म्हणजे लाव्ह्याचा समुद्र नाही. ते घन आहे. मी स्वतः कायम उकळता रस्सा डोळ्यांपुढे आणायचे. घन दगडच, पण इतका गरम आणि इतक्या दाबाखाली की लाखो वर्षांत संथ वाहतो. वर येताना दाब कमी झाला की थोडा वितळतो, तोच लाव्हा. ओवीनं वहीत लिहून घेतलं. (हे लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.)

दुपारी खुरासानी चिंच खाल्ली, म्हणजे गोरखचिंच, आफ्रिकेतला बाओबाब. मांडूत ही झाडं जागोजागी, खोड हत्तीएवढं. भोपळ्यासारख्या फळात पांढरा आंबट गर, विकणारा मुलगा म्हणाला तोंडात ठेवा, तहान लागत नाही. आम्हाला आणखी लागली. रूपमती मंडपात चढलो तेव्हा खाली नर्मदा चांदीच्या तारेसारखी दिसते असं ऐकलं होतं, आम्हाला फक्त ढग दिसले, तेही आमच्या खाली.

(टीप: सायकल भाड्यानं मिळते, लहान अंतरं तिनं करा. रोख पैसे ठेवा, पावसात नेटवर्क जातं आणि यूपीआय गोल गोल फिरत बसतं.)

दिवस तिसरा: खाली उतरून बाघ

हा दिवस सगळ्यात मोठा, सगळ्यात दमवणारा, आणि ह्याच्यासाठीच परत जाईन.

घाट उतरताना ओवी गाडीच्या थर्मामीटरवर डोळा ठेवून होती. वर २४, खाली निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात, २९. उंचीनं दर किलोमीटरला सरासरी साडेसहा डिग्री फरक पडतो, आपण साधारण साडेचारशे मीटर उतरलो, म्हणजे उंचीचे तीन, बाकीचे दोन ढग हटून ऊन पडलं त्याचे. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची नावाजलेली रात्र, तिचं गुपित हेच, पठार उंचावर, वारा मोकळा, म्हणून रात्री गार.

पुढं एका रपट्यावर, म्हणजे नदीवरच्या बुटक्या पुलावर, गुडघाभर पाणी. पलीकडे गाड्या, अलीकडे गाड्या, सगळे उतरून बसलेले. सव्वा तास गेला. भिलाला समाजातल्या एका आजींकडे काकड्या होत्या, त्यांनी ओवीला एक फुकट दिली आणि विचारलं, कुठं चाललात. दगड बघायला म्हटल्यावर इतक्या हसल्या की शेजारच्या बाईला बोलावून परत सांगितलं. पप्पू भियानं भर घातली, "हाँ अम्मा, इंदौर से गिट्टी देखने आए हैं।"

बाघच्या गुंफा नदीच्या काठी, पाचव्या-सहाव्या शतकातली बौद्ध लेणी. नऊ होत्या, पाच उरल्यात. अजिंठा कठीण बेसॉल्टमध्ये कोरलंय, हे मऊ वालुकाश्मात. म्हणून कोरायला सोपं आणि टिकायला अवघड, वरून पाणी झिरपतं, खांब ढासळले. चित्रं काढून ग्वाल्हेरला गूजरी महालाच्या संग्रहालयात नेलीत, भिंतींवर आता थोड्या रेघा आणि रंगाचे डाग. बरं केलं की वाईट, ह्यावर नाना आणि समीरचं गाडीत अर्धा तास चाललं.

पण लेणं सोडून नाना भिंतीचा दगड बघत होते. वाळू! लाव्ह्याच्या खालची, लाव्ह्याच्या आधीची वाळू. आता मला त्यांचा प्लॅन कळला. आपण जानापावला धिरड्याच्या वर होतो, आणि रोज खाली उतरतोय, म्हणजे रोज आणखी जुन्यात.

ह्या वाळूनंतर इथं समुद्र आला. निमाडात, समुद्र! साधारण नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून नर्मदेच्या सखल पट्ट्यातून पाणी आत शिरलं, त्याचा चुनखडक बाघच्या आसपास सगळीकडे. शिंपले, अमोनाइट (नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे वळ्यावळ्यांचे शंख), शार्कचे दात सापडतात त्यात. रस्त्याच्या कडेला बांधकामासाठी टाकलेला ढीग होता, त्यातल्या एका दगडावर नानांनी परवाच्या भुट्ट्याचं उरलेलं निंबू पिळलं आणि ओवीला भिंग दिलं. बारीक बारीक बुडबुडे. शेजारच्या काळ्या दगडावर पिळलं, काही नाही.

ते बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड. कोट्यवधी वर्षांपूर्वी हवेत असलेला, पावसात विरघळून आलेला, दगड झिजवून त्यातला कॅल्शियम घेऊन समुद्रात गेलेला, आणि तिथं शिंपल्यांनी घर बांधायला वापरलेला. पृथ्वी आपलं तापमान सांभाळते त्यातला एक मार्ग हा, ऊन वाढलं की पाऊस वाढतो, दगड जास्त झिजतो, हवेतला वायू कमी होतो. बेसॉल्ट तर ह्या कामात फार तेज, दख्खनच्या झिजेनं जग थोडं थंडही झालं असणार असं शास्त्रज्ञ मानतात. समीर म्हणाला, मग काळजी कशाला, आपोआप होईल. होईल की, नाना म्हणाले, पण त्याला लाखो वर्षं लागतात. आणि आपण कारखाने सुरू केले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२०च्या वर गेलाय, अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत. ओवीनं निंबाचं सालही पिळून घेतलं.

दुपारी पाडल्या गाव. समुद्र हटला, जमीन उघडी पडली, आणि त्या जमिनीवर डायनासोर अंडी घालायला यायचे. लांब मानेचे शाकाहारी टायटॅनोसॉर. धार जिल्ह्यात सापडलेली ९२ घरटी आणि २५६ अंडी ह्यांच्यावर २०२३ मध्ये शोधनिबंध आला, अंडी १५ ते १७ सेंटीमीटरची, मगरींसारखी उथळ खड्ड्यात पुरलेली. गावातले एक बाबा आमच्याबरोबर आले. मला काहीच दिसत नव्हतं, नुसता करडा खडक. त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं, हातानं पुसलं, आणि ओल्या दगडात एकदम गोल उमटले. एक, दोन, पाच. कड्यासारखी रेघ, ती टरफलाची.

मी तिथं बसलेच खाली.

ह्या भागात अशा गोल दगडांना लोक काकड भैरव म्हणून पुजायचे. काकड म्हणजे शेताची शीव, तिथला राखणदार, गुराढोरांना सांभाळणारा. घरात वाडवडिलांपासून चालत आलेलं, नारळ वाहायचा. २०२३ मध्ये लखनौहून आलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की ही डायनासोरची अंडी आहेत. मी बाबांना विचारलं, मग आता? ते म्हणाले, "अब भी नारियल चढ़ाते हैं, अंडा निकला तो क्या, इतने साल खेत तो उसी ने देखा।"

नाना, ज्यांच्या घरात अंडं येत नाही, त्यांनी वाकून नमस्कार केला. ओवी माझ्याकडे बघायला लागली, मी डोळ्यांनीच गप्प केलं.

ह्या अंड्यांच्या थरावर लगेचच काळा दगड. ती घरटी आणि आमचं जानापावचं धिरडं, दोघांमध्ये भूगर्भाच्या मापानं फार वेळ गेला नाही. त्याच सुमारास मेक्सिकोजवळ दहा किलोमीटरची उल्का पडली आणि डायनासोर संपले, त्यात लाव्ह्याच्या वायूंचा वाटा किती ह्यावर अजून भांडणं चालू आहेत.

(महत्त्वाचं: इथून एकही दगड उचलू नका, संरक्षित जागा आहे. ओवीच्या खिशातून एक निघाला, बाबांनी हसत परत ठेवला. पाणी, खाणं बरोबर घ्या, पेट्रोल कुक्षीत भरून घ्या, आणि स्थानिक माणूस घेतल्याशिवाय जाऊ नका, काही दिसणार नाही.)

कुक्षीनंतर पंक्चर. महेश्वरला पोचलो रात्री दहाला, सेव-टमाटर आणि पोळी, झोप.

दिवस चौथा: महेश्वर, पाताळपाणी, घर

पहाटे घाटावर गेलो. अहिल्याबाईंचं महेश्वर, नर्मदा फुगलेली, गढूळ, पायऱ्या अर्ध्या पाण्यात. नाववाला सहस्रधारेकडे न्यायला तयार नव्हता, ठीकच केलं, पूर आहे. रस्त्यानं जाऊन लांबून बघितलं, एरवी काळ्या खडकांतून हजार धारा होतात, आज एकच धार, पण केवढी!

आपल्या बऱ्याच मोठ्या नद्या पूर्वेला जातात, नर्मदा पश्चिमेला, कारण ती विंध्य आणि सातपुडा ह्यांच्यामधल्या खचलेल्या पट्ट्यातून जाते. टरफलाला पडलेला जुना तडा, अजून पुरता शांत नाही. २२ मे १९९७चा जबलपूरचा भूकंप, ५.८ रिश्टरच्या आसपासचा, ह्याच पट्ट्यातला, आणि तो सुमारे ३५ किलोमीटर खोलीवरून आला होता. म्हणजे टरफलाच्या पार तळाशी. आम्ही घाटावर चहा पीत होतो त्याच्या खाली कुठेतरी हा चिरा गेलाय, हे ऐकून समीरनं कप खाली ठेवला, मग परत उचलला.

परतीच्या वाटेवर पाताळपाणी. धबधबा जोरात, गर्दी त्याहून जोरात. कड्यावर परत तेच लोट, तीच लाल पट्टी, आता ओवीच सगळ्यांना दाखवत होती, एका अनोळखी कुटुंबालाही. (कठड्याच्या आतच राहा. वर पाऊस झाला की इथं अचानक लोंढा येतो, माणसं वाहून गेलेली आहेत, सेल्फी घरी काढा.) पाताळपाणी ते कालाकुंड हेरिटेज ट्रेन करायची होती, तिकिटं मिळाली नाहीत.

रात्री आठला रामबाग. बुटांची काळी माती अजून निघाली नाहीये.

आणि तो प्रोजेक्ट: ओवीनं चार्ट नव्यानं केला, अंड्याच्या जागी नानांच्या हातचं चित्र, टरफल पेन्सिलीच्या एका रेघेएवढं. खाली लिहिलं, प्रावरण घन आहे पण संथ वाहतं. काल परत आला. त्या वाक्याखाली लाल रेघ, दोन मार्क कापले, शेजारी लिहिलंय 'द्रव'. नाना आज सकाळपासून शाळेला पत्र लिहितायत, तिसरं पान चालू आहे, चहा दोनदा थंड झाला.